सभासदकाका, हे तुम्ही पाहिलंत का?

मुलांनो, आमच्या माण तालुक्यात दहिवडीजवळ महिमानगड आहे. गडावर गेलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गुरुजी, तेव्हा इथं कोण राहायचं?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याला एका माणसामुळे देता येतं. त्याचं नाव कृष्णाजी अनंत सभासद.

प्रत्येक गडावर एक हवालदार, एक सबनीस आणि एक सरनोबत असे, असं तो सांगतो. तिघांचा दर्जा सारखा, कारभार तिघांनी मिळून करायचा. म्हणजे एखादा शत्रूला फितूर झाला, तरी बाकीचे दोघे गड जाऊ देणार नाहीत. आहे की नाही हुशारी?

सभासद शिवाजी महाराजांच्या पदरी होता. महाराज 1680 साली गेले. त्यानंतर पंधरा-सतरा वर्षांनी, छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्यानं बखर लिहिली. कुठे? तर दूर तमिळ मुलखात, जिंजीच्या किल्ल्यावर! त्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडलेला. रायगड 1689 सालीच हातचा गेलेला. तिथलं दप्तर मागवून तारखा ताडून पाहायची सोय कुठली? म्हणून त्याच्या बखरीत प्रसंग मागेपुढे झालेत आणि तारखा शोधूनच काढाव्या लागतात.

आता गंमत पाहा. राज्याभिषेकाचं सिंहासन बत्तीस मण सोन्याचं होतं आणि सोहळ्याला एक कोटी बेचाळीस लाख होन खर्च झाला, असं हाच सभासद लिहितो. 1674 च्या त्या सोहळ्याला हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील हजर होता. सिंहासन भव्य होतं असं तोही लिहितो, पण वजन काही सांगत नाही. शिवाय मण तरी कुठला धरायचा? तो गावोगाव वेगळा असे. खर्चाचा आकडा तर बऱ्याच इतिहासकारांना फुगलेला वाटतो.

मोठे आकडे सगळ्यांनाच भुलवतात. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये हेरोडोटस नावाचा इतिहासकार होऊन गेला. इराणच्या बादशहाची फौज कशी मोजली, ते त्यानं लिहून ठेवलंय. दहा हजार माणसं दाटीवाटीनं उभी करायची, भोवती कुंपण घालायचं, ती बाहेर काढून पुन्हा नवी माणसं आत भरायची. असं 170 वेळा केलं. करा गुणाकार! सतरा लाख. इतक्यांना रोज पाणी कुठलं मिळायचं, हे आम्हा माणदेशी लोकांच्या लगेच मनात येतं.

मग हेरोडोटस थापाड्या का? थांबा. हिंदुस्थानात झाडांना लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते, असंही तो लिहितो. आमच्या धनगरवाड्यातली मुलं हे ऐकून खो-खो हसतात. पण जरा विचार करा, तो कशाबद्दल बोलतोय? कापसाबद्दल! हिंदुस्थान त्यानं पाहिलाच नव्हता. ऐकलं ते लिहिलं, आणि गोष्ट मात्र खरी.

तेव्हा माणूस खरा की खोटा, हा प्रश्नच चुकीचा. एकेक वाक्य वेगळं तपासायचं. गडाचा कारभार दरबारातल्या माणसाला ठाऊक असणारच. होनांचा आकडा मात्र कुणाच्या तोंडून आला, कोण जाणे!

मल्हार रामराव चिटणीसांनी साताऱ्यात 1810 च्या सुमारास बखर लिहिली, म्हणजे महाराजांनंतर एकशे तीस वर्षांनी. तीत महाराजांचा जन्म 1627 सालचा दिलाय. पुढे 1916 साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली छापली. त्या जुन्या टिपणात जन्मतिथी शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी निघाली. ती म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. आज आपण शिवजयंतीची सुट्टी घेतो, ती याच तारखेची. मला विचाराल तर बाड केवढं जाड यापेक्षा ते लिहिलं कधी, हे आधी पाहावं.

आता तुमचं काम. आजीआजोबांना 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारा. कामावर मिळालेली सुकडी, जनावरांचे हाल, सगळं वहीत उतरवा. मात्र वहीच्या कडेला एक रकाना आखा आणि प्रत्येक गोष्टीपुढे लिहा: ‘पाहिलं’ की ‘ऐकलं’. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर खोडरबर वापरू नका. दोन्ही तसंच राहू द्या.