वकील सुदाम्याची उलटतपासणी

जॉन गॉडफ्री सॅक्स (१८१६–१८८७) हा अमेरिकेतील व्हरमाँटचा वकील. गव्हर्नरपदाची निवडणूक तो दोनदा हरला आणि नाव मिळवले ते उपहासपर कवितांनी. आज तो उरला आहे मुख्यतः एका कवितेपुरता: भारतीय कथेवरून रचलेल्या, हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांच्या. आमच्याकडील वकील-उपहासकाराची, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची (१८७१–१९३४), अवस्था त्या हत्तीसारखी आहे. कोणाच्या हाती त्यांचे महाराष्ट्रगीत लागते, कोणाच्या हाती 'गडकऱ्यांचे गुरू'. परीक्षार्थींच्या हाती 'मराठी विनोदाचे जनक' ही दोन गुणांची शेपटी.

या मोडतोडीत आम्हीही सामील आहोत. शिरूर आणि दौंड येथे मराठी शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे हेच वाक्य उतरवून दिले. कोल्हटकरांनी अकोला, खामगाव, जळगाव-जामोद येथे वकिली केली, हे सांगितले ते केवळ चरित्राचा तपशील म्हणून. १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त आलेल्या त्यांच्या पहिल्या विनोदी लेखाचे नाव 'साक्षीदार' का, हे कधी विचारले नाही.

उत्तर त्यांच्या लेखनातच आहे. 'सुदाम्याचे पोहे'मधला सुदामा जुन्या रूढींची बाजू घेतो, बंडूनाना आणि पांडूतात्या त्याला साथ देतात, आणि ही वकिली इतक्या निष्ठेने चालते की पक्षकारच बुडतो. शिवीगाळ न करता प्रतिपक्षाचे वकीलपत्र घ्यायचे आणि त्याचा दावा त्याच्याच युक्तिवादाने निकालात काढायचा, हे कोर्टात तयार झालेल्या बुद्धीचे काम आहे.

'भाषा संस्कृतप्रचुर, कोट्या शिळ्या, जग पांढरपेशांचे' हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे; पुष्कळसा मान्यही आहे. परंतु त्यावरून ग्रामीण विद्यार्थ्याला कोल्हटकर झेपणार नाहीत, हा निष्कर्ष आम्ही नाकारतो. ज्याच्या घरी बांधाचा दावा चालू आहे, जो वडिलांबरोबर तारखेला तालुक्याच्या कोर्टात दिवसभर ताटकळला आहे, त्याला साक्षीदार म्हणजे काय, हे आमच्याहून अधिक कळते. त्याला शब्दार्थ द्यावे लागतील; अनुभव द्यावा लागणार नाही.

भावना दुखावण्याचा हंगाम आता बारमाही झाला आहे. अशा काळात रूढीचे हसे रूढीच्याच तोंडून करवणारा लेखक आम्ही टिपणवहीत कोंडून ठेवला आहे. 'जनक' म्हणून तसबिरीला हार घालणे सोपे, वाचणे जोखमीचे. आमची मागणी एवढीच: उपाधी पाठ करून घेणे थांबवावे आणि एक तरी संपूर्ण लेख वर्गात वाचावा. हसू आले नाही, तर विद्यार्थ्याने तसे कारणांसह लिहावे. गुण त्यालाही द्यावेत.