वाळूखालची ठेव

डेन्व्हरहून निघताना मुलगा म्हणाला, ‘बाबा, चार तास गाडीत बसावं लागेल.’ वाळू पाहायला चार तास! आमच्याकडे ती रात्री ट्रकमधून दारावरूनच जाते. पण वाद घातला नाही. वॉल्सेनबर्गला मोठा रस्ता सोडून खिंड ओलांडली, सॅन लुइस खोऱ्याची सपाटी लागली आणि डोंगराच्या पायथ्याशी खळ्यात धान्याची रास घालावी तशी वाळू दिसली. कोलोरॅडोतले हे ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यान. पसारा सुमारे तीस चौरस मैलांचा, टेकड्या सातशे फुटांहून उंच. उत्तर अमेरिकेत याहून उंच वाळूच्या टेकड्या नाहीत.

मे महिना होता. पायथ्याशी मेडानो ओढा बर्फाचे पाणी घेऊन वाहत होता, मुले त्यात डुंबत होती. थोडे चढल्यावर धाप लागली, बसलो, सहज वाळू उकरली. चार बोटांखाली ती ओली होती.

वारा वाळू डोंगराकडे ढकलतो, ओढा ती वाहून परत आणतो, वारा पुन्हा उचलतो. ओढ्याला आधार भूजलाचा. खालचे पाणी उतरले तर ओढा लवकर जिरेल आणि हे चक्र मोडेल.

१९३२ साली खोऱ्यातल्या बायकांच्या खटपटीमुळे या वाळूला राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण मिळाले. १९८६मध्ये संकट आले ते पाण्यावर. खोऱ्याच्या पोटातून दरवर्षी दोन लाख एकर-फूट पाणी उपसण्यासाठी एका कंपनीने न्यायालयात अर्ज केला. ते डोंगरापलीकडच्या शहरांना विकायचे होते. शेतकरी आणि उद्यानवाले एकत्र उभे राहिले. १९९१मध्ये कंपनी हरली, १९९४मध्ये अपिलातही हरली. २००० साली कायदा झाला, शेजारचे अफाट कुरण विकत घेतले गेले आणि २००४मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले.

एवढ्यावर सारे गोड झाले असे नाही. परक्याला रोखणाऱ्या शेतकऱ्यांचाही उपसा जास्तच होता. आता त्यांतले बरेचजण उपशाच्या मापाने स्वतःच शुल्क भरतात. त्यातून काही शेते मोबदला देऊन पडीक ठेवली जातात. तरीही पाणी पुरेसे वर आलेले नाही.

त्या ओल्या वाळूत बसून मला माझी सही आठवली. दुष्काळी तालुक्यात शाखाधिकारी असताना मी विहिरी-बोअरची कर्जे मंजूर केली. सातबारा पाहिला, तारण पाहिले, जामीनदार पाहिले. गावात आधीच्या बोअर किती, पाणी किती खोल गेले, याचा रकानाच अर्जात नव्हता आणि मीही विचारले नाही. एका शेतकऱ्याच्या पहिल्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागले; तिसरीला सहाशेवर नुसती धूळ. कर्ज थकले, नोटीस माझ्याच सहीने गेली. जमिनीच्या पोटातली मुद्दल आम्ही सर्वांनी मिळून खाल्ली. थकबाकीदार मात्र तो एकटा ठरला.

शेतीसाठी साठ मीटरहून खोल विहीर नको, असे महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा सांगतो. रात्री बोअरच्या गाडीची घरघर ऐकू येत नाही असे गाव कोणते? पाण्याचा हिशेब गावानेच ठेवला आणि आपल्याच माणसाला ‘पुरे’ म्हणण्याचा वाईटपणा घेतला, तरच कायद्याला अर्थ. आणि बँकांनी निदान तो एक रकाना अर्जात घालावा. मला तो तेव्हाही हाताने आखता आला असता.