स्वभाव की परिस्थिती? फिलिपिनो समाजाच्या दोषवाचक शब्दांचा विचार

एखादा देश मागे का राहिला, या प्रश्नाला ‘तेथील लोकांचा स्वभावच तसा’ हे सर्वांत सोपे उत्तर असते. फिलिपिन्सविषयी हे उत्तर प्रथम परकीय सत्ताधाऱ्यांनी दिले आणि पुढे फिलिपिनो लोकही ते स्वतःविषयी देऊ लागले. त्यासाठी काही ठरावीक शब्द तेथे नेहमी वापरले जातात. भाषेचे अभ्यासक म्हणून आपण ते तपासून पाहू. माझे मत आरंभीच नोंदवतो : या शब्दांनी दाखवलेल्या सवयी खऱ्या आहेत आणि त्या प्रगतीच्या आड येतात, परंतु त्या सवयी परिस्थितीने घडवलेल्या आहेत, जन्मजात नव्हेत.

टागालोग भाषेत ‘निंगास कुगोन’ असा एक शब्दप्रयोग आहे. कुगोन हे उंच वाढणारे गवत. ते भडकन पेटते आणि लगेच विझते. उत्साहाने आरंभलेले काम अर्ध्यावर सोडणाऱ्याला हा शब्दप्रयोग लावतात. आपण अशा माणसाला ‘आरंभशूर’ म्हणतो. दुसरी प्रतिमा खेकड्यांची. वर चढणाऱ्या खेकड्याला बाकीचे खाली ओढतात, म्हणून टोपलीला झाकण लागत नाही. ही वृत्ती फिलिपिन्समध्ये खास फिलिपिनो समजली जाते. आपल्याकडे हीच गोष्ट मराठी माणसाविषयी सांगतात. दोन दूरच्या समाजांना जे लक्षण केवळ आपलेच वाटते, त्याने त्यांपैकी एकाच्या मागे राहण्याचा उलगडा कसा होणार?

‘बहाला ना’ हा शब्दप्रयोग अधिक विचार करण्याजोगा आहे. ‘होईल ते होईल’ असा त्याचा अर्थ सांगून तो दैववादाचा पुरावा मानला जातो. ‘बहाला’चा संबंध ‘बाथाला’ या देवनामाशी आणि त्या नावाचा संस्कृत ‘भट्टार’शी जोडला जातो. टागालोगमध्ये ‘गुरो’, ‘मुखा’, ‘आसा’ (आशा) असे इतरही संस्कृतोद्भव शब्द आहेत. परंतु व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. अर्थ वापरातून ठरतो. ‘आको आंग बहाला’ या वाक्याचा अर्थ ‘मी पाहतो, जबाबदारी माझी’ असा होतो. म्हणजे एकच शब्द दैवावर भार टाकतो आणि स्वतःच्या शिरावरही घेतो. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लागमाय यांनी 1970 च्या दशकात हेच दाखवून दिले : अनिश्चित प्रसंगाला धैर्याने सामोरे जाण्याची वृत्तीही या उद्गारात असते.

या सवयींच्या कारणांचा शोध होसे रिझाल यांनी फार पूर्वी घेतला होता. फिलिपिनो माणूस आळशी आहे, या स्पॅनिश आरोपाला त्यांनी 1890 मध्ये ‘ला सोलिदारिदाद’ या नियतकालिकातून प्रदीर्घ उत्तर दिले. आळस नाहीच, असे ते म्हणाले नाहीत. तो आहे, पण तो का आला, हे विचारा, असे त्यांचे म्हणणे होते. वेठबिगार, युद्धे, व्यापारावरील बंधने, कष्टाचे फळ हाती राहील याची नसलेली शाश्वती आणि निकृष्ट शिक्षण, ही कारणे त्यांनी मांडली. पिकवलेले दुसराच नेणार असेल, तर अधिक पिकवण्याची उमेद कोण धरील?

आजचा पुरावाही याच दिशेने जातो. लक्षावधी फिलिपिनो परदेशांतील रुग्णालयांत, घरांत आणि जगभरच्या जहाजांवर काम करतात. अलीकडच्या वर्षांत त्यांनी मायदेशी पाठवलेला पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास आहे. माणसे तीच, भाषा तीच. बदलली ती कामाची व्यवस्था. शिस्तीचा अभाव रक्तात असता, तर तो सीमा ओलांडताना मागे राहिला नसता.

तरीही सवयींना निर्दोष ठरवून चालणार नाही. ‘ऊतांग ना लोओब’ म्हणजे अंतःकरणातील ऋण, उपकाराची जाण. हा गुणच आहे. पण सरकारी मदत पोहोचत नाही आणि इस्पितळाचे बिल स्थानिक पुढारी भरतो, तेव्हा त्या ऋणाची फेड मतपेटीत होते. 1987 च्या राज्यघटनेने राजकीय घराणेशाहीला मनाई केली. मात्र तिची व्याख्या कायद्यावर सोपवली. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी सर्व पदांना लागू होणारा कायदा संसदेने केला नाही. या संसदेत घराणेशाहीतून आलेले सदस्य मोठ्या संख्येने असतात. 1988 मध्ये सिनेटर लेतिसिया रामोस शाहानी यांच्या पुढाकाराने फिलिपिनो स्वभावाच्या गुणदोषांचा अहवाल तयार झाला. त्यात कारणांचाही विचार होता. पण चर्चेत राहते ती दोषांची यादी. सामान्य माणसाने स्वभाव सुधारावा, असा उपदेश करणे सोपे. स्वतःच्या कुटुंबाची सत्ता मर्यादित करणारा कायदा करणे अवघड.

म्हणून दोषवाचक शब्द हाती आला की दोन प्रश्न विचारावेत. हा शब्द कोण कोणाविषयी वापरतो? आणि तो वापरल्याने कोणाची जबाबदारी झाकली जाते? हे प्रश्न टागालोगपुरते नाहीत. ‘आमची माणसेच अशी’ हे वाक्य आपल्याही तोंडी सहज येते. पुढच्या वेळी ते उच्चारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे.