उंदराचे यकृत आणि आपले यकृत



गर्भातल्या पिल्लाच्या यकृताच्या पेशी टोचून मरणाच्या दारातले उंदीर वाचवता येतात, ही गोष्ट खोटी नाही. पण तिच्या आधारावर सिरोसिसच्या रोग्याला कोणी पैसे घेऊन "पेशींचे इंजेक्शन" देत असेल, तर ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगते.

यकृताचा मोठा भाग कापला तरी ते पुन्हा भरून येते. उंदराचे दोन तृतीयांश यकृत काढले तरी आठ-दहा दिवसांत ते जवळजवळ पूर्वीएवढे होते. गर्भाच्या यकृतपेशी तर फारच झपाट्याने वाढतात. संशोधक उंदराला गॅलॅक्टोसामाइन टोचून त्याचे यकृत बिघडवतात आणि मग अशा पेशी त्याच्या पोटाच्या पोकळीत किंवा पाणथरीत सोडतात. त्या थोडे दिवस भार उचलतात, तेवढ्यात उंदराचे स्वतःचे यकृत सावरते. घरची बाई अंथरुणाला खिळली की शेजारीण चार दिवस चूल सांभाळते, तसेच हे.

माणसांवरही हा प्रयत्न झाला आहे. हैदराबादचे डॉ. सी. एम. हबीबुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृत अचानक निकामी झालेल्या रोग्यांना अशा पेशी दिल्या आणि ते काम 1994 साली प्रसिद्ध केले. आपल्या देशातले हे काम मोलाचे आहे. पण रोगी मोजकेच होते. तेवढ्यावरून हा उपचार सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रयोगातला उंदीर तरुण असतो आणि त्याला विषबाधा अचानक झालेली असते. आपल्या वयाच्या माणसाचे यकृत दारू, मधुमेह, चरबी किंवा हिपॅटायटिस यांमुळे वर्षानुवर्षे झिजून निबर झालेले असते. तिथे शेजारीण चार दिवस येऊन काय करणार? घरच पडलेले असते.

ठाण्याहून माझ्या भाचीने फोनवर विचारले, "मावशी, यांना ते इंजेक्शन देऊ का? दागिने मोडावे लागतील." मी म्हटले, "दागिने ठेव. आधी यकृताच्या तज्ज्ञाला दाखव आणि प्रत्यारोपण शक्य आहे का ते विचार."

कारण निबर यकृत पूर्ण निकामी झाले, तर सिद्ध झालेला मार्ग प्रत्यारोपणाचाच आहे. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, 1963 साली माणसावर पहिली शस्त्रक्रिया केली आणि यश आले 1967 साली. आमच्या ऑस्ट्रेलियात 1989 साली ब्रिस्बेनला डॉ. रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलाला बसवला. आज क्वेकर्स हिलपासून जवळच, वेस्टमीडच्या मुलांच्या रुग्णालयात, लहान मुलांची यकृते बदलतात. प्राण्यांवरच्या प्रयोगाला मी नावे ठेवत नाही. प्रयोग आणि उपचार यांत वर्षांचे अंतर असते, एवढेच सांगते.

अडचण आहे ती यकृते कमी मिळतात ही. म्हणून मरणोत्तर दानाबद्दल मुलांशी आजच बोला. इथे नाव नोंदवले तरी डॉक्टर शेवटी घरच्यांनाच विचारतात. वय झाले म्हणून आपण बाद होत नाही. धर्माची शंका असेल तर रब्बींना विचारा. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडता येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आणि डोळे पिवळे झाले, पोट फुगले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.