शंभर रुपयांचा चमचा

"गाढविणीचं दूऽऽध!" भाईंदर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी ही हाळी आली की खिडक्या उघडतात. पुढे दोरी धरलेली नऊवारीतली बाई, तिच्यामागे गाढवीण आणि लुटूलुटू चालणारं शिंगरू. मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरची सून चार महिन्यांचं लेकरू काखेत घेऊन खाली धावली. बाळाची छाती भरली होती आणि सासूबाईंचा आग्रह होता, "एक चमचा पाज, जन्मात खोकला व्हायचा नाही." मी बत्तीस वर्षं परिचारिका होते. जिन्यातच तिला अडवलं. "काकू, दूधच तर आहे. त्याने काय होणार?" ती म्हणाली.

दूध चांगलंच आहे, हे मी आधी कबूल करते. साखर आणि प्रथिनं यांच्या प्रमाणात ते आईच्या दुधाच्या जवळ जातं. गायीच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे 80 टक्के केसीन असतं, गाढविणीच्या दुधात ते बरंच कमी. म्हणून गायीचं दूध न सोसणाऱ्या मुलांना इटलीत डॉक्टर हे दूध देतात. जंतूंशी लढणारं लायसोझाइमही त्यात भरपूर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या एका रुग्णालयात तर अनाथ बाळांना थेट गाढविणीच्या आचळांना लावत.

पण या दुधात स्निग्धांश फार थोडा, बऱ्याचदा 100 मिलीमागे एक ग्रॅमही नाही. आईच्या दुधात तो साडेतीन-चार ग्रॅम असतो. नुसत्या या दुधावर बाळ अंग धरणार नाही. इटलीतले डॉक्टर ते तापवून, गरजेप्रमाणे तेल मिसळून, वजनावर लक्ष ठेवून देतात. आमच्या फाटकाशी मात्र रस्त्यावरच धार काढून, कच्चंच, त्याच वाटीतून दहा घरांना.

आता हिशेब करू. 2021 मध्ये करोनाच्या धास्तीत हिंगोलीत हे दूध लिटरला 10 हजार रुपयांनी विकलं गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे 10 मिलीचा चमचा शंभर रुपयांना. त्या चमच्यात प्रथिनं पाव ग्रॅमसुद्धा नाहीत, एक-दोन शेंगदाण्यांत असतात तेवढीच. या चमच्याने ना न्यूमोनिया बरा होतो, ना करोना अडतो.

यात त्या बाईला लबाड ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. गाढवीण दिवसाला जेमतेम लिटरभर दूध देते, तेही शिंगरू जवळ असेल तरच पान्हा सोडते. तेव्हा दूध महाग असणारच. वाळू-विटा वाहायला टेम्पो आले आणि गाढवांवर पोट असलेल्या कैकाडी, वडार, बेलदार घरांचं काम गेलं. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 3 लाख 20 हजार गाढवं होती, 2019 मध्ये उरली 1 लाख 20 हजार. राहिलेल्यांना दुधाने किंमत येत असेल तर यावी. त्यासाठी दूध गोळा करायची, तपासायची, तापवून बाटलीत भरायची सोय सरकारने करावी आणि त्यात याच घरांना वाटा द्यावा. मग मोठ्या माणसांनी ते हौसेने प्यावं, साबणात घालावं. 'खोकल्यावर रामबाण' म्हणून विकणं मात्र बंद व्हायला हवं.

जिन्यात मी बाळाचं झबलं वर केलं. पोट उडत होतं. घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटात 58. तशीच रिक्षा करून त्यांना रुग्णालयात पाठवलं. न्यूमोनिया निघाला, पाच दिवसांनी बाळ हसत घरी आलं. त्या सकाळी चमचाभर दूध पोटात गेलं असतं, तर सगळे निर्धास्त होऊन संध्याकाळपर्यंत वाट बघत बसले असते. मला भीती आहे ती या वाया जाणाऱ्या वेळेची.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका. खोकला झालाच, तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40. आकडा इथवर गेला किंवा पोट उडताना दिसलं, तर हाळी कुणाचीही येवो, थेट दवाखाना गाठा.