गणवेश उतरल्यानंतरचे आजारपण

सैनिकाचे वेतन सेवामुक्तीच्या दिवशी थांबते. सेवेने त्याच्या शरीराची केलेली झीज त्या दिवशी थांबत नाही. गुडघ्याची दुखापत, कानांवरील परिणाम, मनावरील ताण ही दुखणी पुष्कळदा उशिरा डोके वर काढतात. त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा दयेचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

अमेरिकेत आरोग्यसेवा हा प्रत्येक नागरिकाचा हक्क मानला जात नाही. तरीही शीतयुद्ध संपून सैन्यकपात सुरू झाली, तेव्हा 1990 च्या दशकात तेथे संक्रमणकालीन वैद्यकीय संरक्षणाची तरतूद झाली. इच्छेविरुद्ध सेवामुक्त केलेले सैनिक, मोहिमेसाठी सलग 30 दिवसांहून अधिक काळ बोलावलेले राखीव सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांना 180 दिवस हप्ता न भरता ते मिळते. स्वेच्छेने सेवा सोडणारे बहुतेक सैनिक त्यातून वगळलेले आहेत, ही त्रुटी आहेच. परंतु एक नोकरी सुटणे आणि दुसरी मिळणे यांतील काळाची जबाबदारी पहिल्या मालकावरही असते, एवढे तत्त्व त्या भांडवलशाही राष्ट्रानेही मान्य केले.

आपल्याकडे काय घडले? 2022 च्या अग्निपथ योजनेच्या मूळ अटींनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम सेवेत घ्यावयाचे. उरलेल्यांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि 2003 मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत प्रवेशही नाही. याच योजनेची दारे 2019 मध्ये अल्पसेवा कमिशनच्या माजी अधिकाऱ्यांना उघडण्यात आली होती. निवृत्तिवेतन नसलेल्या अधिकाऱ्याला जे देता येते, ते शेतमजुराच्या मुलाला का देता येऊ नये?

सेवानिधीतून विमा घ्यावा, असे सांगितले जाईल. पण खासगी विमा आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लावतो. म्हणजे सेवेत जडलेले दुखणेच नेमके बाहेर राहते. कारखानदार यंत्राचीही झीज हिशेबात धरतो. शासन मात्र माणसाची झीज त्याच्या घरावर ढकलून मोकळे होते, आणि यालाच काटकसर म्हणते!

पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात. मुक्त होणाऱ्या प्रत्येक अग्निवीराला आणि त्याच्या अवलंबितांना किमान सहा महिने विनामूल्य उपचार, आणि पुढे अंशदान भरून आरोग्य योजनेत राहण्याचा हक्क मिळालाच पाहिजे. सैनिकाचा गौरव भाषणांत पुष्कळ झाला. आता तो अंदाजपत्रकात दिसू द्या. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावोगाव नेली पाहिजे.