मोजणीचं यंत्र आपल्याही हातात हवं



यंदा संघटनेने दोन जणांना विद्यापीठात शिकायला पाठवलं. एक मी आणि दुसरी शेजारच्या पाड्यातली आपली कार्यकर्ती बहीण. दोघंही बारावी पास. भूगोल विभागात संगणकावर नकाशा करायचा छोटा अभ्यासक्रम असतो. त्याला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात, बोलताना सगळे जीआयएस म्हणतात. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत एक काका म्हणाले, "एवढं भाडं घालून नकाशा शिकायला गेलात? गावाचा नकाशा मी काठीने मातीत काढून देतो." सगळे हसले, आम्हीपण हसलो. काकांचं बोलणं खोटं नाही. तरी आम्ही का गेलो, ते सांगायला हवं.

माझ्या बापाच्या दाव्याची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. डोंगराच्या कडेने वळत गेलेली जमीन, आज्यापासून खेडतो. दाव्यात लिहिली 1 हेक्टर 60 आर, म्हणजे चार एकराच्या आसपास. मोजणीला माणूस आला तो दुपारचा. आंब्याच्या सावलीत यंत्र धरलं, खालच्या सपाटीवर तीन ठिकाणी उभा राहिला आणि गेला. वर चढलाच नाही. कागद आला तो 48 आरचा, सव्वा एकरसुद्धा नाही. बाप म्हणाला, यंत्र खोटं आहे. मलाही तसंच वाटायचं. शिकून आल्यावर कळलं की यंत्र खोटं नव्हतं. तीन बिंदू दिले की यंत्र तीन कोनांचंच शेत काढणार. खोटी होती ती चाल, आणि चालीवर बोट ठेवायला त्या दिवशी आमच्या पाड्यात कुणाला येत नव्हतं.

म्हणून शिकायला गेलो. काय शिकलो ते थोडक्यात सांगतो.

जीपीएसला आपली जागा सांगायला वर किमान चार उपग्रह दिसावे लागतात. उघड्या माळावर साध्या यंत्राची चूक तीन ते पाच मीटरची असते. दाट सागाखाली किंवा खोल नाल्यात ती वाढते. म्हणून झाडाखाली घाई करायची नाही, थांबायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा. शेताच्या प्रत्येक वळणावर बिंदू घ्यायचा. शेत गोल फिरलं असेल तर वीस-पंचवीस बिंदूसुद्धा लागतील.

आकडे लिहिताना मोठा घोळ होतो. आपला भाग साधारण 21 अंश 48 मिनिटांवर आहे. एका अंशात 60 मिनिटं असतात, म्हणून दशांशात ते 21.80 होतं. कुणी सरळ 21.48 लिहिलं तर शेत 35 किलोमीटर दक्षिणेला, तापीच्या बाजूला जाऊन पडतं. जमीन सातपुड्यात आणि नकाशा तापीकाठी! असा कागद कुणाच्या दाव्यात लागला असेल तर तो आपणच शोधून काढला पाहिजे.

संगणकावर नकाशा थरांचा असतो. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावे तसं. एका थरात गावाची शिव, दुसऱ्यात नदीनाले, तिसऱ्यात वनखात्याचे कंपार्टमेंट, चौथ्यात आपले दावे. कुठली रेघ कुठल्या रेघेवर चढली ते लगेच दिसतं. हे सगळं क्यूजीआयएस नावाच्या प्रोग्रामवर होतं आणि तो फुकट मिळतो. आपलं हे पत्र अजून स्टेन्सिल कापून निघतं, तरी एक जुना संगणक आणि एक साधं यंत्र एवढ्यावर संघटनेचं काम भागेल.

आता मुख्य गोष्ट. वरून बघणाऱ्याला आपलं शेत कसं दिसतं?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशात 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 500 मीटर. कायद्याने जास्तीत जास्त 4 हेक्टर मिळते. ती चौकोनी धरली तरी त्या कागदावर 4 मिलिमीटरची बाजू भरते. ज्वारीच्या दाण्याएवढी. देशातलं जंगल मोजायला डेहराडूनचं वन सर्वेक्षण खातं जी उपग्रह चित्रं वापरत आलं, त्यातला एक ठिपका 23.5 मीटरचा. म्हणजे साडेपाच गुंठे जमिनीला एकच रंग. त्यात बांध दिसत नाही, झोपडी दिसत नाही. आणि त्यांची व्याख्या अशी की एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांची सावली 10 टक्के असली की ते वनाच्छादन, मग जमीन कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. आपण तर शेतातला महू तोडत नाही, आंबा तोडत नाही, टेंबरून राखतो. झाड राखलं म्हणून शेत जंगलात मोजलं जातं!

चित्र कुठल्या महिन्याचं तेही बघावं लागतं. पावसाळा संपताना डोंगर हिरवा आणि शेतही हिरवं, काही ओळखू येत नाही. कापणी झाल्यावरच्या चित्रात शेत उघडं पडतं, कडा दिसतात. "2005 च्या चित्रात शेती दिसत नाही" असं लिहून दावा फेटाळला असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा: चित्र कुठल्या महिन्याचं आणि ठिपका किती मीटरचा?

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो तेही पाठ करा. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे, सुधारणा 2012 ची. उपग्रह चित्र पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, बाकी पुरावे बाजूला सारून तोच एक पुरावा करायचा नाही, हे 2012 च्या सुधारणेत लिहिलेलं आहे. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा, हे सगळे पुरावे नियम 13 मध्ये आहेत. आपल्या शिवेपलीकडे गुजरातमध्ये डेडियापाडा आणि सागबारा तालुक्यातल्या गावांनी जीपीएस घेऊन शेताशेताला फेरी मारली आणि ती रेघ उपग्रह चित्रावर ठेवून दाखवली की शेती होती. फक्त उपग्रह चित्राच्या भरवशावर दावे फेटाळणं बरोबर नाही, फेटाळलेले दावे पुन्हा तपासा, असं गुजरात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं.

आणि 2019 विसरू नका. 13 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांच्या लोकांना काढायचा आदेश दिला. त्याच आदेशात अतिक्रमणांची उपग्रहातून पाहणी करायलाही सांगितलं होतं. देशभर आदिवासी रस्त्यावर आले, 28 फेब्रुवारीला आदेश थांबला. थांबला म्हणजे संपला असं नाही. पुढच्या वेळी वरून काढलेलं चित्र टेबलावर येईल तेव्हा आपल्याकडे आपलं चित्र हवं. नुसता मोर्चा पुरणार नाही. मोर्चा लागेलच, पण मोर्च्याच्या हातात नकाशाही हवा.

आता काकांकडे येतो. विद्यापीठात आम्हाला रेघ काढायला शिकवली. रेघ कुठून जाते ते शिकवलं नाही, कारण ते त्यांना माहीतच नाही. परत आल्यावर काकांच्याच मागे यंत्र घेऊन गावाची शिव चाललो. दोन दिवस लागले. काका थांबायचे, "हा वाघदेव", "इथे जुना पाडा होता, आजाराने उठला", "हा पाणवठा चैतातही आटत नाही". यंत्रात फक्त आकडा उमटायचा. नाव काका सांगायचे, बहीण वहीत लिहायची. आणि नियम 12 बघा: वनहक्क समितीने दाव्याचा नकाशा ओळखू येतील अशा खुणा दाखवून करायचा आहे. म्हणजे काकांच्या खुणा कायद्यालाच हव्या आहेत. काठीचा नकाशा आणि संगणकाचा नकाशा, दोन्ही मिळून एक पुरावा होतो. एकटा संगणक आपल्याला पुन्हा त्या आंब्याच्या सावलीत नेऊन ठेवेल.

काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्या. शिकणं सोपं नव्हतं. पहिले आठ दिवस सगळं इंग्रजीत, माउस धरायला हात थरथरायचा, विचारायची लाज वाटायची. बहिणीने लाज आधी सोडली आणि माझ्यापुढे गेली. भीती वेगळीच आहे. शिकलेल्या पोराला शहरात मोजणीच्या कंपनीत पगार मिळतो. पोरगा गेला की विद्या गेली. मग गाव पुन्हा बाहेरच्या माणसाची वाट बघत बसणार.

म्हणून संपादक मंडळाचं म्हणणं असं. प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठरवून दोन जण द्यावेत, त्यातली एक मुलगी असावी. भाडं आणि जेवण गावाने वर्गणीतून द्यावं, त्यांच्या शेताचं काम लाह्याने करून द्यावं. परत आल्यावर त्यांनी आणखी दोघांना शिकवलंच पाहिजे. नकाशाची फाईल ग्रामसभेची, एकट्या पोराची नाही, संघटनेचीही नाही. सगळे बिंदू हाताने रजिस्टरात उतरवा आणि त्याखाली पंचांच्या सह्या-अंगठे घ्या. संगणक बंद पडतो, रजिस्टर राहतं. आणि काय काढायचं नाही तेही ग्रामसभेनेच ठरवावं. औषधी मुळीची जागा, देवाची गुप्त जागा नकाशात टाकली की ती व्यापाऱ्यालाही सापडते.

पुढच्या बैठकीला येताना तीन कागद आणा: दाव्याची प्रत, फेटाळल्याची नोटीस आणि असेल तर जुनी दंडाची पावती. उपविभागीय समितीने दावा फेटाळला असेल तर जिल्हा समितीकडे अपील करायला 60 दिवस असतात. नोटिशीवरची तारीख आधी बघा. ज्यांचे दिवस संपत आलेत त्यांच्या शेताला पहिली फेरी मारू. सुरुवात माझ्या बापाच्या शेतापासून करणार नाही. त्याचा नंबर आला की त्याचंही मोजू, आणि या वेळी वरपर्यंत चढू.